अण्णांच्या सायकलचं माप

“ते सगळं खरं, पण एल की एक्सएल, एवढं एकच सांगा ना, चाचा.”

मुजावरचाचांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून धरली होती आणि ते बुडबुड्याची वाट बघत होते.

गावाच्या टोकाला पिराचा लहानसा दर्गा आहे. तिथली दिवाबत्ती चाचांकडे. समोरच्या चिंचेखाली पन्नास वर्षं सायकली दुरुस्त करायचं कामही त्यांच्याकडेच. लोक दोन्हीसाठी येतात, कधी कधी एकाच फेरीत.

विचारणारा निरंजन होता. शाळेत असताना याच चिंचेखाली तो पंक्चर काढायला शिकला. आता पुण्यात इंजिनिअर आहे. तिथल्या सायकल क्लबात फ्रेमच्या मापावर तो व्याख्यानं देतो, आणि लोक म्हणे टिपणं काढतात.

“कुणासाठी?” चाचांनी विचारलं.

“अण्णांसाठी. पंच्याहत्तरी आहे पुढच्या महिन्यात. ऑनलाइन मागवतोय. त्यांना कळता कामा नये.”

त्याने मोबाइल पुढे धरला. सायकल निवडून ठेवली होती, फक्त साइज भरून बटण दाबायचं बाकी होतं. खाली मापांचा तक्ता होता. चाचांनी तो पाहिलाच नाही.

निरंजनचे वडील, अण्णा, या गावचे पोस्टमन. एकतीस वर्षं चोवीस इंची काळ्या सायकलवर त्यांनी पाच वाड्यांचं टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावरही सायकल सुटली नव्हती. रोज सकाळी चार किलोमीटरवर आपल्या जुन्या मित्राकडे, भुजंगरावांकडे जायचे. भुजंगरावांना दिसत नाही, अण्णा त्यांना पेपर वाचून दाखवायचे.

चार महिन्यांपूर्वी टांग टाकताना अण्णा पडले. खुब्याला बारीक चीर गेली. ती भरली, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा पडले तर अंथरुणाला खिळतील. तेव्हापासून अण्णा घरात आहेत. भुजंगरावांकडे पेपर येतो आणि घडी न मोडता पडून राहतो. अण्णाही हल्ली फारसं बोलत नाहीत.

“ती जुनी सायकल फार जड होती,” निरंजन म्हणाला. “दोष सायकलचा. हलकी आणि बरोब्बर मापाची घेतली की प्रश्नच मिटला.”

“माप घेतलंस?”

“घेतलं की. पायाची आतली बाजू, तेहतीस इंच.”

“अण्णा उभं ऱ्हायले मापाला?”

“नाही... मागच्या खेपेला त्यांची पॅन्ट मोजली. खाकी. ट्रंकेत होती.”

चाचांनी मान वर केली.

“सायकल पॅन्ट चालवनार हाय का अण्णा?”

निरंजनला ते झोंबलं. इतक्या लोकांना मापं शिकवणाऱ्या माणसाला असं कुणी विचारत नाही.

“चाचा, म्हातारपणी माणूस कण्यात खचतो. पायाची लांबी तेवढीच राहते. हे शास्त्र आहे.”

“ऱ्हात असंल.”

“मग तेहतीस म्हणजे तेहतीसच ना?”

“पाय लांब किती, ते तू मोजलंस. पाय वर किती जातो?”

निरंजनने मोबाइलवरचा तक्ता पुन्हा पाहिला; त्यात असं माप नव्हतं.

“गावात आलास की काय करतोस?” चाचांनी विचारलं.

“काय म्हणजे? घरी जातो. अण्णा खुर्चीत असतात. पाया पडतो.”

“आज पडू नको.”

“म्हणजे?”

“घरात जाऊच नको. अंगणात उभा ऱ्हा. अण्णास्नी भाईर हाक मार.”

वडील आत बसलेले असताना त्यांनाच बाहेर बोलवायचं, हे निरंजनला उद्धटपणाचं वाटलं. पण चाचांनी पुन्हा ट्यूब पाण्यात घातली होती. म्हणजे बोलणं संपलं होतं.

तो गेला. अंगणात उभा राहून त्याने हाक मारली.

“अण्णा, जरा बाहेर येता?”

आतून खुर्ची कुरकुरली. मग बराच वेळ काहीच झालं नाही...

अण्णा दारात आले. त्या घराचा उंबरा वीतभर उंच आहे. अण्णांनी डाव्या हाताने चौकट धरली. उजव्या हाताने पायजमा गुडघ्यापाशी चिमटीत पकडला आणि पाय उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला. सामान ठेवावं तसा. मग थांबले. मग दुसरा पाय.

एकतीस वर्षं याच पायाने हा माणूस दिवसातून शंभरदा सायकलवर चढला-उतरला होता.

“आत का आला नाहीस रे?” अण्णांनी विचारलं.

निरंजनची नजर अजून उंबऱ्यावरच होती. अण्णांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा उंबऱ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्यांना कळलं होतं.

दुपारी निरंजन चिंचेखाली परत आला. पुण्याची पॅन्ट घालून तो तिथेच धुळीत बसला.

“किती?” चाचांनी विचारलं.

“वीतभर. तेही... हाताने उचलून.”

चाचांनी मान हलवली.

“कधीपासून, चाचा?”

“दोन वर्सं पाय कमी कमीच उचलत हुता. हातानं उचलायचं ते पडल्यापासनं.”

“मला कसं दिसलं नाही?”

“तू आलास की खाली वाकतोस.”

रस्त्याने एक उसाचा ट्रॅक्टर गेला. निरंजनने मोबाइल काढला आणि निवडून ठेवलेली सायकल काढून टाकली.

“दांडा नसलेली घ्यावी लागेल,” तो म्हणाला. “पाय वर न उचलता चढता येईल अशी.”

“हं.”

“म्हणजे लेडीज.”

“हं.”

“अण्णा बसणार नाहीत त्यावर. अख्ख्या गावाने त्यांना चोवीस इंचीवर पाहिलंय. लाजेने घरातच बसून राहतील, चाचा. मरेपर्यंत. मग माप बरोबर असून काय उपयोग?”

चाचांनी हात पुसले. पहिल्यांदाच ते काम सोडून त्याच्याकडे वळून बसले.

“मागव ती.”

“आणि?”

“आधी तू चालव. गावातनं. बाजाराच्या दिवशी बी.”

“मी?”

“तूच.”

निरंजनच्या डोळ्यांसमोर गावातली पेठ आली, पारावरची माणसं आली, शाळेतले मित्र आले. एखाद्याने फोटो काढून क्लबाच्या ग्रुपवर टाकला तर काय, हेही आलं...

“लोक हसतील, चाचा.”

“हसू देत. आठ दिवसांत कंटाळतील. नवव्या दिवशी अण्णास्नी दे.”