गेनू बुरुडानं पोराचं नाव ठेवलं

ओढ्याकाठच्या एका गावात एक भोळा बुरूड होता. त्याचं नाव गेनू. सुपं-टोपल्या विणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करायचा. तिथंच घोटाळा व्हायचा.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर गेनूला मुलगा झाला. गेनू इतका हरखला की दोन दिवस त्यानं टोपल्यांऐवजी नुसते पाळणेच विणले. बायको चांगुणा म्हणाली, "अहो, बारसं जवळ आलं. जोशीबुवांकडून चांगलं नाव घेऊन या. अर्थ नीट विचारा हं."

जोशीबुवांनी पंचांग उघडलं. "पुनर्वसू नक्षत्र. अक्षर 'के' नाहीतर 'को'. केशव ठेव. जुनं नाव आहे. विष्णूच्या चोवीस नावांतलं पहिलं."

"अर्थ काय?"

"सुंदर केसांचा."

गेनू घरी आला. त्यानं बाळाचं टोपडं काढलं. डोकं वाटीच्या बुडासारखं गुळगुळीत.

"जोशीबुवा चुकले," तो म्हणाला. "याला केसच नाहीत."

चांगुणा हसली. "अहो, आत्ताचं बघू नये, पुढचं बघावं."

गेनूनं ते मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी तो बाळाचं अंगडं शिवायला शिंप्याकडे गेला. शिंप्यानं विचारलं, "बाळ केवढं आहे?"

"आत्ताचं बघू नका, पुढचं बघा."

"किती पुढचं?"

गेनूनं विचार केला. "लग्नाचं वय धरा."

अंगडं आलं. बाळ त्याच्या एका बाहीतच मावलं. चांगुणानं कपाळावर हात मारला. "अहो, आपल्याला कळत नसेल तर चारचौघांत विचारावं!"

गेनूनं हेही मनाशी पक्कं केलं.

गुरुवारी बाजार भरला. गेनू मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "केशव!"

अकरा जणांनी ओ दिली. एक केशव वजन करता करता धावत आला. एक केशव अर्धी दाढी झालेली, तसाच आला. एका म्हाताऱ्या केशवाच्या डोक्यावर एक केस नव्हता.

"काय काम आहे?"

"काही नाही. नाव कसं आहे ते चारचौघांत विचारतोय." मग म्हाताऱ्याकडे बघून म्हणाला, "तुमचं पुढचंही बघितलं. केस काही आले नाहीत."

अकरा केशवांनी मिळून त्याला घरापर्यंत पोचवला. कसा पोचवला ते विचारू नका.

चांगुणानं पाठीला हळद लावली. "अहो, बारशाआधी नाव फोडतात का? आणि गावात अकरा केशव असताना बारावा कशाला? दुसरं आणा. आणि बाजारात ओरडू नका. नाव बाळाच्या कानात सांगायचं असतं."

जोशीबुवांनी या वेळी तीन नावं दिली. "केदार, केरबा, कोंडिबा. आवडेल ते घे."

गेनूनं मनात एक निवडलं. तोंडावर हात ठेवून घरी आला. पाळण्यात वाकला, बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मोकळा झाला.

बारशाला त्याची बहीण गोदाक्का आली. चांगुणाला वाटलं, यांनी बहिणीला नाव सांगितलं असेल. गोदाक्काला वाटलं, ऐन वेळी दादा सांगेल. बायकांनी पाळणा म्हटला. गोदाक्का वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बायकांनी हात उगारले.

"कुर्रर्र... दादा, नाव?"

"सांगायचं नाही."

"अरे, मी आत्या ना!"

"मी बाळाच्या कानात सांगितलंय. त्याला विचार."

चांगुणा पुढं आली. "अहो, मला तरी सांगा."

"आता माझ्याकडे नाही. ज्याचं होतं त्याला देऊन टाकलं."

बारशाला आलेल्या जोशीबुवांनी तिन्ही नावं पुन्हा म्हटली. गेनूनं ती तोंडात घोळवून बघितली. तिन्ही सारखीच गोड लागली. कुठलं दिलं ते काही आठवेना.

"मग कुठलंही एक ठेवू," गोदाक्का म्हणाली.

गेनूनं बाळाला छातीशी धरलं. त्याचे डोळे भरून आले. "नऊ वर्षांनी एक पोर झालं. त्याला पहिली वस्तू दिली, ती परत घेऊ? नाही जमायचं. बोलायला लागलं की तोच सांगेल."

पाहुणे घुगऱ्या खाऊन घरी गेले. पोराला सगळे 'ए सोन्या' म्हणू लागले. गेनू मात्र रोज कामावरून आला की पोरासमोर कान करून बसायचा.

वर्ष सरलं. एके सकाळी पोरानं गेनूकडे बघितलं, हसलं आणि स्वच्छ म्हणालं, "बाबा."

गेनू पोराला उचलून गावभर पळाला. "सांगितलं! माझ्या पोरानं नाव सांगितलं!" साखर वाटत वाटत तो जोशीबुवांच्या दारात आला. "लिहून घ्या. बाबा."

"अरे गेनू, मी दिलेल्या तिन्हींत हे नाव नव्हतंच!"

"नसेल," गेनू म्हणाला. "पण एवढंसं पोर खोटं कशाला बोलेल?"

मग त्यानं पोराला खांद्यावर बसवलं आणि मान वाकवून अदबीनं म्हणाला, "चला बाबा, आई वाट बघतेय."