चुकांची पंगत

ही गोष्ट फार फार जुनी. डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची. लहानांनी मांडी घालून ऐकावी, मोठ्यांनी पाय पसरून ऐकली तरी चालेल.

एक भलंमोठं तळं होतं. या काठावरून कुणी हाक मारली, तर ती त्या काठाला पोचेपर्यंत मारणारा विसरून जाई की आपण हाक का मारली. तळ्याच्या चार बाजूंना चार राज्यं होती. पूर्वेचं सगळ्यांत श्रीमंत. पश्चिमेचं सगळ्यांत हट्टी. उत्तरेला एक राणी राज्य करी. आणि दक्षिणेचं राज्य एवढंसं, की तिथला राजा सकाळी फिरायला निघाला, की सगळ्या राज्याला वळसा घालून दुपारच्या जेवणाला घरी परत.

मुलूख डोंगराळ, थंडी कडाक्याची. पण एकदा विहीर खणताना तिथल्या लोकांना निळसर काळे दगड सापडले. एक दगड हातात घेतला तर गार. पन्नास दगड एका कुंडात ठेवले, की आपले आपण तापू लागत. लाकूड नको, कोळसा नको. लोक त्यांना ऊनखडे म्हणू लागले.

चारही राज्यांनी आपापलं ऊनघर बांधलं. तळ्याचं पाणी पाटातून कुंडात यायचं, खड्यांवर तापायचं, आणि त्याची वाफ मातीच्या नळांतून गावभर फिरायची. त्या वाफेवर गुळाच्या काहिली उकळत, सूत रंगवलं जाई, बाळंतिणीची खोली उबदार राही. बायकांची सरपणाची पायपीट थांबली. जंगल पुन्हा दाट झालं.

एकच पथ्य होतं. खड्यांवर पाणी कायम हवं. पाणी उतरून खडे उघडे पडले, की ते तडकत आणि त्यांची करडी राख उडे. ती राख जिथे पडेल, तिथे कित्येक वर्षं गवताची काडीही उगवत नसे.

दक्षिणेच्या ऊनघराची राखण भिवरा नावाची बाई करत असे. अंगानं किरकोळ, आवाजानं खणखणीत. पहाटे कुंडाचं पाणी बघितल्याशिवाय ती तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे. बारा वर्षं तिनं ऊनघर सांभाळलं, तेव्हा राजानं भरदरबारात तिला शेला दिला आणि म्हणाला, "बारा वर्षांत एक चूक नाही! अशी राखणदारीण चारही राज्यांत शोधून सापडणार नाही."

आणि त्यानंतर महिन्याभरातच ते घडलं.

त्या दिवशी भिवराच्या भाचीचं लग्न होतं. पुरणपोळ्या झाल्या होत्या, तूप सढळ हातानं वाढलं होतं. दुपारी भिवरा कुंडापाशी टेकली आणि तिचा डोळा लागला. जाग आली ती 'चर्र' अशा आवाजानं. बघते तर पाणी हातभर खाली! कडेचे दोन खडे उघडे पडून लालबुंद झाले होते. ती पाटाकडे धावली. पाटाच्या बांधाला आतून खेकड्यांनी बिळं पाडली होती आणि सगळं पाणी त्यातून शेजारच्या ओढ्यात चाललं होतं. भिवरानं चिकणमाती कोंबली, वरून डोक्यावरचा पदर फाडून ठासला, आणि घागरीवर घागरी कुंडात ओतल्या. खडे शांत झाले. कुणी पाहिलं नव्हतं.

तिनं कुणाला सांगितलंही नाही. शेला मिळून महिना झाला होता हो. कोणत्या तोंडानं सांगणार?

अशी तीन वर्षं गेली.

मग एका वाऱ्याच्या दिवशी पूर्वेच्या ऊनघरातून करडा लोट उठला. वारा उत्तरेकडे वाहत होता. राख उत्तरेच्या राणीच्या मुलखात पडली. लोक होड्यांत बसून वेळेवर निघाले म्हणून सगळे वाचले, पण सात गावं उठवावी लागली. जोंधळ्याची उभी शेतं आठ दिवसांत पांढरी पडली.

राणीनं चारही राज्यांची सभा बोलावली. तळ्याच्या मधोमध एक बेट होतं, तिथे. राजे आले, त्यांचे राखणदार आले.

राणी उभी राहिली. "माझी सात गावं दुसऱ्याच्या अंगणात झोपताहेत," ती म्हणाली. "आजच्या आज चारही ऊनघरं बंद करा."

"बंद कशाला?" पूर्वेचा राजा म्हणाला. "आमच्या ऊनघरात काही दोष नव्हता. दोष माणसाचा होता." त्यानं आपल्या राखणदाराकडे बोट दाखवलं. "हा नागोजी झोपला. उद्या याला हद्दपार करतो. झालं!"

नागोजी म्हातारा माणूस. पांढऱ्या मिशा, थरथरते हात. तो पुढे आला. "महाराज, मी झोपलो नव्हतो. पाट भरून वाहत होता, माझ्या डोळ्यांनी बघितला होता. आणि बघता बघता कुंड उतरलं. पाणी कुठे गेलं, ते मला अजून कळलेलं नाही."

"ऐका!" राजा म्हणाला. "म्हणे पाणी कुठे गेलं कळलं नाही. पाण्याला काय पाय फुटले?"

सभेत हशा पिकला. भिवरा हसली नाही. तिचे कान तापले होते. पाण्याला फुटलेले पाय तिनं पाहिले होते; आठ पाय आणि दोन नांग्या. तिच्या मनात आलं, तीन वर्षांपूर्वी मी तोंड उघडलं असतं, तर चारही राज्यांनी आपापले बांध बघितले असते. आज ती सात गावं आपल्या घरी असती.

तिनं आपल्या राजाकडे पाहिलं. तो बिचारा तिच्याकडे कौतुकानंच बघत होता. तेच जास्त जड गेलं.

"महाराज," ती उठून म्हणाली, "पाणी कुठे गेलं ते मला ठाऊक आहे."

आणि तिनं सगळं सांगितलं. भाचीचं लग्न, पुरणपोळी, डोळा लागला, खेकड्यांची बिळं, फाडलेला पदर. काही वगळलं नाही. "नागोजीबाबा जागे होते तरी त्यांचं कुंड उतरलं. मी झोपले होते तरी माझं वाचलं. ते माझं नशीब. आता मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण आधी जाऊन बांध बघा."

 दक्षिणेचा राजा उठून तिच्यापाशी आला. मग म्हणाला, "भिवरा, मी दिलेला शेला कुठे आहे?"

"पेटीत आहे, महाराज. एकदाही अंगावर घेतला नाही."

"का?"

"टोचतो."

राजाला हसू आवरेना. "घरी गेलीस की काढ तो," तो म्हणाला. "तो आज तुझा झाला."

सगळे होड्यांत बसले आणि पूर्वेला गेले. पाटाचा बांध खणला, तर आत चाळणी! नागोजी बांधावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. हद्दपारी तिथल्या तिथे विरून गेली. मग होड्या उत्तरेला वळल्या. राणीच्या बांधात चार बिळं निघाली. राणीचा राग जरा निवला.

पश्चिमेच्या काठाला मात्र तिथला राजा एक पाय होडीत, एक काठावर ठेवून अडून राहिला. "आमच्याकडे खेकडेच नाहीत," तो म्हणाला. तेवढ्यात काठावरच्या दगडाखालून एक जाडजूड खेकडा निघाला, आणि तिरका तिरका चालत राजाच्या जोड्यावर चढला. त्यानंतर पश्चिमेच्या राजानं खेकड्यांविषयी एक अक्षर काढलं नाही.

"बंद करायची की चालवायची?" बेटावर परत आल्यावर भिवराच्या राजानं विचारलं.

राणीनं तळ्याकडे पाहिलं. पलीकडच्या काठांवर वाफेचे पांढरे धागे वर चढत होते. "थंडी तोंडावर आली आहे," ती म्हणाली. "चालवू. पण चौघांचा नियम एक."

म्हणणं सोपं होतं. नियम करायला अकरा महिने लागले.

पहिलाच नियम घ्या. 'खड्यांवर पाच वीत पाणी हवं.' सगळे म्हणाले, छान. मग भिवराच्या लक्षात आलं, की पश्चिमेचा राखणदार आखाड्यातला पैलवान. तिनं आपला हात त्याच्या पंजाशेजारी ठेवला. "याच्या चार वितींत माझ्या सहा बसतात. पाच वीत म्हणजे कुणाच्या?"

"आमच्या," पश्चिमेचा राजा म्हणाला.

"आमच्या," पूर्वेचा राजा म्हणाला.

यावर दोन दिवस भांडण झालं. शेवटी राखणदारांनीच राजांना बाजूला बसवलं. कुंडात पाणी कमी-जास्त करून पाहिलं, कोणत्या उंचीला खडे कुरकुरतात ते कान लावून ऐकलं, आणि त्यावर भरपूर खोली धरून एका सागाच्या काठीवर खूण कोरली. तिच्यासारख्या आणखी तीन केल्या. त्या दिवसापासून चारही राज्यांत पाण्याचं माप एकच झालं.

खरी कुस्ती पुढे होती. नियम पाळला जातो की नाही, हे बघणार कोण?

"दर वर्षी एका राज्याचा राखणदार दुसऱ्याचं ऊनघर तपासेल," भिवरानं सुचवलं.

पूर्वेचा राजा ताडकन उठला. "परक्या माणसानं माझ्या घरात डोकावायचं?"

"तुमच्या घरातली राख माझ्या शेतात आली," राणी म्हणाली, "तेव्हा ती विचारून आली होती का?"

राजा खाली बसला. पण लगेच त्याला दुसरं सुचलं. "बरं. पण स्वतःची चूक स्वतः सांगणाऱ्याला शिक्षा नाही, असं ही बाई म्हणते. अशानं सगळे चुका करत सुटतील!"

"चुका तर आजही होतात, महाराज," भिवरा म्हणाली. "फक्त तुमच्या कानावर येत नाहीत."

तोही नियम झाला. जो चूक सांगेल त्याला अभय. जो लपवेल त्याच्या हातून ऊनघराची किल्ली जाईल. आणि सगळ्यांत शेवटी राणीनं एक ओळ घालायला लावली: दर वर्षी हे नियम पुन्हा वाचायचे आणि नवं काही कळलं असेल तर बदलायचे. चौघांनी शिक्के उठवले.

पहिली तपासणी दक्षिणेची ठरली. तपासायला आला नागोजी.

भिवरानं ऊनघर लखलखीत केलं होतं. दारात रांगोळी, नळांना चुना, कुंडाच्या कडेला फुलं. नागोजीला बसायला पाट, खायला गूळपोळी. नागोजीनं पोळी खाल्ली, हात धुतले आणि काठी घेऊन कामाला लागला. पाणी मोजलं, बांध ठोकून पाहिला, नळांना कान लावला. मग तो पाटाच्या दारापाशी उकिडवा बसला. तिथे तळ्याचं पाणी अडवणारी जाड फळी होती. त्यानं फळीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"कुजली आहे," तो म्हणाला. "बदला."

भिवराचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "वरून चांगली दिसते की! दोन वर्षं सहज टिकेल. नागोजीबाबा, तुमच्यासाठी मी भरसभेत उभी राहिले. माझ्याच घरी पहिली खोट काढायला तुम्हीच मिळालात?"

नागोजीनं मिशीतल्या मिशीत हसत तिच्याकडे पाहिलं. "म्हणून तर इतकं नीट बघतोय, पोरी. दुसऱ्या कुणाचं असतं तर अंगठा एवढा जोरात दाबला नसता."

 भिवरा वाकली आणि फळीला आपलाही अंगठा लावून पाहिला. तो दुसऱ्या पेरापर्यंत गेला. मग तिला असं हसू फुटलं, की बांधावरचे बगळे उडाले. "पहाटे रोज पाणी बघते," ती म्हणाली, "आणि पाणी ज्यानं अडतं ते बघितलंच नाही!" त्याच संध्याकाळी सुतार आला आणि नवी फळी बसली.

त्या पावसाळ्यात तळं असं भरलं, की जुन्या माणसांनीही कधी पाहिलं नव्हतं. लाटा पाटाच्या दारावर धडका देत होत्या. जुनी फळी पहिल्याच धडकेत गेली असती, बांध फुटला असता आणि पाठोपाठ कुंड कोरडं पडलं असतं. नवी फळी हूं की चूं न करता उभी राहिली. चारही काठांवर बाळंतिणींच्या खोल्या उबदार होत्या, गुळाचा वास दरवळत होता.

पाऊस सरल्यावर चार राज्यांनी बेटावर पंगत मांडली. वाढायला राजे आणि बसायला राखणदार, असा थाट. पण जेवणाआधी एक रिवाज ठरला होता. प्रत्येकानं उठून वर्षभरात आपल्या हातून काय चुकलं, ते सांगायचं. पैलवानानं सांगितलं, की त्यानं काठी उलटी धरून आठ दिवस माप घेतलं. हशा झाला, आणि लगेच काठीच्या वरच्या टोकाला पितळेचा गोंडा बसवायचा ठरला. भिवरानं फळीची हकीकत सांगितली. सगळ्यांत उपयोगी चूक तीच ठरली. राणीनं स्वतः तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. अंगावर शेला होताच.

पुढे ऊनखडे डोंगरापलीकडेही सापडले. तिथला एक राजा नियम मागायला बेटावर आला. त्याला काठी मिळाली, नियम मिळाले, आणि चार राज्यांनी आजवर केलेल्या सगळ्या चुकांची जाडजूड पोथी मिळाली. पंगतीत त्याची पाळी आली तेव्हा तो ताठ उभा राहून म्हणाला, "आमच्याकडे सांगण्यासारखी एकही चूक नाही."

नागोजी आणि भिवरानं एकमेकांकडे पाहिलं.

"मग जेवून घ्या, महाराज," भिवरा म्हणाली, "उद्या आम्ही तुमच्याबरोबरच निघतो."

पंगतीत असा हशा उसळला, की तो राजाही हसता हसता खाली बसला. दुसऱ्या दिवशी होडी निघाली. त्या दोघांनी तिकडे आठ दिवस मुक्काम केला आणि नऊ चुका शोधल्या. त्यांतल्या दोन अशा होत्या, की चारही राज्यांत कुणाला आजवर सुचल्या नव्हत्या. त्या पोथीत लिहिल्या गेल्या. पुढच्या वर्षी पंगतीत पाचवं राज्य बसलं, आणि हार डोंगरापलीकडे गेला. त्या पाचही राज्यांत पुन्हा कधी राख उडाली नाही.

तात्पर्य: लपवलेली चूक शेजाऱ्याचं शेत जाळते, सांगितलेली चूक सगळ्या गावाची राखण करते.