साहेबाच्या घोड्याची इंग्रजी

"ऐका हो ऐका! पुढच्या महिन्यापासून भाजीबाजार वेशीबाहेर, मसणवट्याच्या पलीकडे!"

दवंडी पिटली आणि तांबेवाडी संस्थानातल्या सगळ्या माळणींनी सगुणेकडे डोळे वटारून पाहिलं. खापर तिच्याच जिभेवर फुटलं होतं ना! राजाच्या मुदपाकखान्यातला माणूस वांग्यांचा भाव पाडून पाडून मागत होता, तेव्हा ती करवादली होती, "आयला, फुकटच ने की! चल, फूट!"

झालं! ते राजाच्या कानावर गेलं. आणि राजा तरी कसला? उन्हाळाभर विलायतेत राहून आला नि जन्मभराची मराठी विसरल्यासारखा वागू लागला! ताक प्यायचा तेसुद्धा काट्याचमच्यानं. अशा शहाण्याला कोण समजावणार? पण आपल्या तोंडामुळे आळीतल्या बायांच्या पोटावर पाय आला, हे सगुणेला सोसवेना. ती तडक वाड्यावर गेली.

"सरकार, मसणवट्यापलीकडे गिऱ्हाईक यायचं कसं? आमची पोरं उपाशी मरतील!"

"पण गावात तुमची ती गावंढळ बोली नको!" राजानं नाक मुरडलं. "अगं, इंग्रजी बघ. धुतल्या तांदळासारखी! तिच्यात आहे का एक तरी बाजारी शब्द?"

"असणारच की! साहेबांच्या मुलखात माणसं भाजी खातात ना? मग भाजीवाले असतील, आणि त्यांना तोंडंही असतील."

"असं? मग आण तो शब्द माझ्यापुढे! आठ दिवसांत नाही आणलास, तर बाजाराच्या आधी तुला हाकलीन!"

दरबार खो खो हसला. बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, आणि ही म्हणे इंग्रजीत शब्द शोधणार! राजाला इंग्रजी शिकवणारा हॉब्सन साहेब शेजारीच ताठ उभा होता. "इम्पॉसिबल," तो ओठ न हलवता म्हणाला.

"आठ दिवस कशाला, सरकार? उद्या सकाळी या साहेबांचा घोडा तेवढा चौकात आणा."

घोड्याचं नाव निघताच हॉब्सनचा चेहरा उतरला.

सकाळी सगुणेनं घोड्यापुढे पाटीभर गाजरं ओतली. घोड्यानं तोंड घातलं.

"सरकार, आता तुमच्या धुतल्या इंग्रजीत याला म्हणा, पुढं चल."

राजानं घसा खाकरला. "काइंडली प्रोसीड!"

घोड्यानं कान हलवला आणि दुसरं गाजर उचललं.

"आय बेग यू, सर, टु ॲडव्हान्स!"

घोड्यानं शेपटी झाडली, ती राजाच्या कोटाला घासून गेली.

"बहिरा आहे हा!"

"बहिरा कुठला! बघाच आता." सगुणेनं कमरेवर हात ठेवला आणि मेथी विकायच्या सुरात हाळी दिली, "ब्लिमी! हुक इट, यू ब्लूमिंग ओल्ड डफर!"

तोंडातलं गाजर टाकून घोडा सुसाट निघाला! मोतद्दार लगाम धरून मागे फरफटत गेला.

"ही कुठली भाषा?" राजा ओरडला.

"इंग्रजी! साहेब रोज सकाळी रपेटीला निघतात, घोडा माझ्या गाजरांपाशी अडतो, आणि साहेब हेच म्हणतात. अर्थ त्यांनाच विचारा बाई."

हॉब्सन बिटासारखा लाल झाला. "युअर हायनेस, हे पुस्तकात नसतं..."

"मग ही इंग्रजीच नव्हे! मला एक अक्षर कळलं नाही!"

"घोड्याला कळलं की, सरकार!"

आता मात्र हॉब्सनला हसू आवरेना. त्याचा ताठा पार गळाला. "महाराज, बाई खरं बोलते. माझा बाप लंडनमध्ये हातगाडीवर भाजी विकायचा, ही त्याची बोली. 'ब्लिमी' म्हणजे 'देवा, मला आंधळं कर' अशी शपथ होती, घासून घासून एवढीशी उरली. आणि पोलीस दिसला की तिथले भाजीवाले शब्द उलटे करून बोलतात, त्याला कळू नये म्हणून!"

"एवढंच?" सगुणा म्हणाली. "आमचे गुरांच्या बाजारातले दलाल तोंडच उघडत नाहीत. रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात!"

राजाला राहवेना. "आणि ते 'हुक इट' म्हणजे काय?"

हॉब्सननं सगुणेकडे पाहिलं, मग राजाकडे पाहिलं. "महाराज... 'चल, फूट.'"

कारभाऱ्यानं डोळेच मिटून घेतले. आणि राजा हसला! पोट धरधरून, मराठीत हसला.

"सरकार," कारभारी चाचरत म्हणाला, "मग त्या बाजार हलवायच्या हुकुमाचं काय करायचं?"

"त्याचं?" राजानं डोळे पुसले. "हुक इट!"

बाजार जागच्या जागी राहिला. सगुणेला जरीकाठी लुगडं मिळालं, आणि राजाच्या पागेला गाजरं पुरवायचं कामही त्या दिवसापासून तिच्याकडेच आलं.