जिनगर मास्तरांची तिपाई

"आता तरी देताय का न्हाय कॅमेरा?"

म्या दारातच इचारलं. बूट काढले आन उभाच ऱ्हायलो.

जिनगर मास्तर खिडकीपाशी चष्मा पुशीत बसलं व्हतं. ऐंशीच्या पुढचं वय. सातवीत नापास झालो तवा बापानं मला ह्येंच्याच हाताखाली आनून सोडला व्हता. फोटू काढायचा म्हंजी काय ते हितंच शिकलो.

"पानी पी आदी," मास्तर म्हनले.

"पानी ऱ्हाऊ द्या. नऊ वर्सामागं तुमी काय म्हनला व्हता? सर्ज्या, ज्या दिशी तुला बघता यील त्या दिशी ह्यो कॅमेरा तुजा. म्हनला व्हता का न्हाय?"

"म्हनलो व्हतो."

"मग?"

मास्तर चष्मा पुशीतच ऱ्हायलं.

कॅमेरा कोपऱ्यात उभा व्हता. लाकडाचा, कातड्याच्या भात्याचा, तीन पायांच्या तिपाईवर. वर काळं कापड. मास्तरांच्या बापानं घेतलेला. एका हाटेलवाल्यानं शोभेला मागितला तवा मास्तरांनी त्येला दारातनं माघारी धाडला. मला त्यो शोभेला नको व्हता. मला त्यो माज्या स्टुडिओत दिसाया पायजे व्हता. मास्तरांचा खरा चेला कोन, ह्ये सगळ्या तालुक्याला कळाया नको?

म्या पिशवी उघडली.

"ह्ये बगा. गेल्या म्हैन्यातलं लगीन. ड्रोन उडवून काढलाय. सगळा मांडव ताटातल्या रांगोळीगत दिसतोय."

मास्तरांनी फोटू डोळ्याजवळ नेला.

"हं."

"ह्यो तलावावरचा. नवरा-नवरी. नवरी पान्याला भीत व्हती, गळ्याएवढ्या पान्यात उभी केली. तिची आई काठावरनं वरडत व्हती. म्या म्हनलं, मावशे, गप बस, तुज्या पोरीला राणी करतो."

"हं."

"आन ह्यो शर्यतीतला. चारी पाय हवेत हायती बैलाचे. चारी! गाडी माज्या अंगावर आली व्हती. मी हाललो न्हाय."

"लागलं?"

"खुबा निसटता निसटता ऱ्हायला. पर फोटू बगा की!"

"बघितला."

एवढंच. माजी कानशिलं तापाया लागली. पर मी दम धरला. खरी चीज अजून वाकळंत गुंडाळून भितीला टेकवली व्हती.

वाकळ सोडली. कंबरेएवढी फ्रेम. काळा-पांढरा फोटू.

ठकुबाई. मेंढरामागं जलम गेलेली म्हातारी. माळावर काळ्या खडकावर उभी, हातात काठी, मागं नुसतं आभाळ. तोंडावर सुरकुत्या अशा, की रान नांगरलंय.

"आठ म्हैनं मेंढक्यांच्या वाड्यासंगं, त्येंच्या फिरत्या बिऱ्हाडासंगं, हिंडलो मास्तर. त्येंच्यात जेवलो, त्येंच्यात झोपलो. तीन हजार फोटू काढले. त्यातला ह्यो एक. पुन्यात प्रदर्शनात पैला नंबर. शिकली-सवरलेली मानसं फोटूम्होरं हात जोडून उभी ऱ्हायली. एक बाई तर रडली. खाली नाव दिलंय, 'खडक'."

मास्तरांनी चष्मा घातला. लई येळ बघितलं.

"किती वाजता काढला?"

मला हेच पायजे व्हतं.

"बाराला! भर चैतात! सगळी म्हनत्यात दुपारी फोटू काढू नये, सावली कडक पडती. म्या म्हनलं, मला कडकच पायजे. त्याबिगर सुरकुती उठत न्हाय."

"किती येळ उभी व्हती?"

"पाऊन तास. सूर्य बरूबर डोक्यावर यीपर्यंत थांबलो. म्हातारी हालली न्हाय, आता बोला. दोनदा म्हनली, लेकरा, झालं का रं? म्या म्हनलं, झालंच म्हातारे."

"हं."

"आन माजी नजर बगा. तिच्या पायात पिवळी पलास्टिकची चप्पल व्हती, बाजारातली. सगळा फोटू नासला असता. म्या पयलं ती काढून लांब ठिवायला लावली. एवढं बारीक कोन बघतं का? तुमी बघितलं असतं?"

मास्तर उठलं. गुडघ्यावर हात ठिवून, हळू.

मला वाटलं, कॅमेरा द्याया उठलं.

त्येंनी भितीवरचं घोंगडं काढलं.

ते घोंगडं मला ठावं हाय. गिऱ्हाईक यायच्या आदी ते झाडायचं आन खुर्चीम्होरं हातरायचं, ह्ये माजं पयलं काम. तीन वर्सं म्या रोज झाडलं. लोखंडी खुर्ची, वर म्हातारी-कोतारी अनवानी बसायची, मास्तर म्हनायचं, हालू नगा, आन तोंडानं आकडं मोजायचं. मला वाटायचं, फोटूत बरं दिसतं म्हनून हातरत असत्याल. पर फोटूत तर ते कवाच येत नव्हतं. त्याच्यापायीच भांडून गेलो व्हतो मी. म्हनलं, मी घोंगडी झाडाया आलोय का फोटू शिकाया?

मास्तरांनी ते दारात जाऊन झाडलं. खुर्चीम्होरं हातरलं. माजी फ्रेम उचलली, आन घोंगड्यावर उभी केली. खुर्चीला टेकवून.

"फोटूखाली घोंगडं?" मी म्हनलो.

"फरशी तापलीया."

मग मात्र माजं डोस्कं फिरलं.

"मास्तर, थट्टा करताय व्हय? पुन्याची मानसं हात जोडत्यात, आन तुमी घोंगडी हातरताय? द्यायचा नसंल कॅमेरा तर तसं सांगा! तोंडावर सांगा! तुमच्या पोटात दुखतंय. चेला पुढं गेला, ते बघवंना तुमाला!"

आवाज रस्त्यापर्यंत गेला आसंल. समोरचा शिंपी दारात येऊन उभा ऱ्हायला.

मास्तरांनी कॅमेरा तिपाईसकट वढला. फोटूम्होरं लावला. भाता फुडं-मागं केला. मग काळं कापड एका हातानं वर धरलं.

"ये."

"कशाला?"

"बघ म्हनत व्हतास न्हवं मगाधरनं? बघ."

"माजाच फोटू मी काय बघायचा?"

"ये रं, सर्ज्या."

गेलो. रागानंच गेलो. कापडात डोस्कं घातलं.

आत अंधार. मग हळूहळू दुधी काच उजळली.

"उलटं दिसतंय," मी आतनं म्हनलो.

"दिसनारच."

"ठावं हाय मला! लहान हाय का मी?"

ठकुबाई काचंत उलटी लटकत व्हती. आभाळ खाली. तोंड पार तळाला, अंधुक. सुरकुत्या दिसंनात. पुन्यात ज्या तोंडाला लोकांनी हात जोडले, ते तोंडच वळखू यीना.

म्हनून नजर वर गेली.

वर पाय व्हते.

एक पाय दुसऱ्या पायावर चढवलेला. खालच्या पायाची बोटं आत वळवून, मुठीगत. लुगड्याचा काठ टाचंखाली घ्याया बघितला व्हता तिनं. काठ पुरला नव्हता.

तीन हजारातनं निवडलेला फोटू. रोज बघत व्हतो. मोबाइलवर, कागदावर, भितीवर. रोज तोंड बघत व्हतो.

त्या दिशी माज्या पायात बूट व्हते. ह्येच.

कापडातनं भाईर यायला मला लई येळ लागला. मास्तरांनी "झालं का?" म्हनून बी इचारलं न्हाय.

भाईर आलो तवा शिंपी अजून दारातच व्हता.

"काय बघतोस रं?" मी वरडलो. त्यो आत पळाला.

मास्तर पान्याचा तांब्या घिऊन उभं व्हतं. ह्या टायमाला म्या घेतला. गटागटा प्यालो.

"तुमाला कवा दिसलं?"

"तू वाकळ सोडलीस तवा."

"मग बोलला का न्हाईत?"

मास्तरांनी रिकामा तांब्या माज्या हातातनं घेतला.

म्या फ्रेम उचलली. वाकळंत गुंडाळली. गाठ मारली. एवढं मोठं बक्षीस, आन वझं वाटाया लागलं.

"तिचा वाडा आता खाली नदीकडं उतरला आसंल," मी म्हनलो. "हुडकावा लागंल."

"हं."

"तुमचा कॅमेरा ठिवा तुमच्याजवळच. मला अजून… ठिवा तुमी."

दारात गेलो. बुटात एक पाय घातला. दुसरा हातातच ऱ्हायला.

"सर्ज्या."

वळलो.

मास्तरांनी कॅमेरा तिपाईवरनं सोडवला व्हता. दोन्ही हातांनी उचलून माज्याकडं आनत व्हतं. नीट धरला व्हता. लेकरू धरावं तसा.

"घिऊन जा. नऊ वर्सं झाली."

म्या फ्रेम भितीला टेकवली, बूट खाली टाकला आन दोन्ही हात फुडं केले. मास्तरांचा कॅमेरा माज्या हातात! तालुक्यात कुनाला दिला न्हाय, मला दिला. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू.

काळं कापड बी त्येंनी माज्या खांद्यावर टाकलं.

मी तिपाई घ्याया वाकलो.

"ती ऱ्हाऊ दे," मास्तर म्हनले.

"तिपाई?"

"व्हय. ती हितंच ऱ्हाऊ दे."

"आवं मास्तर, एवढा जड कॅमेरा. तिपाईबिगर उभा कसा ऱ्हायचा ह्यो?"

मास्तर खाली बसलं. घोंगड्याची घडी घालाया लागलं. एक घडी, दुसरी घडी. माज्याकडं बघितलं बी न्हाय.

"म्हातारी कशी ऱ्हायली?"