राजाचा पाव भांड्यात पडला

एक होता राजा. खादाड मेला! तिकडे लांब, बर्फाच्या डोंगरांच्या देशात. त्या डोंगरावर ओदिल नावाची बाई गाई पाळायची, गुळाच्या ढेपेएवढालं चीज करायची. पण थंडीच्या तोंडाशी राजाचे शिपाई यायचे आणि गावातलं सगळं ताजं चीज, ताजे पाव उचलून न्यायचे. गावाला उरायचं वाळकं चीज आणि शिळे पाव. म्हाताऱ्यांना चावेनात, पोरं उपाशी रडायची. ओदिलच्या अंगाची लाही लाही व्हायची. होणारच!

एका वर्षी तर मेल्यांनी भांडीसुद्धा नेली. ओदिलचं मातीचं एकच राहिलं. मग ती जी भडकली! ते भांडं चुलीवर चढवलं, वाळकं चीज किसून टाकलं, द्राक्षाची आंबट दारू ओतली. तुम्ही नाही हं प्यायची! आणि लागली ढवळायला. "मुडद्या राजा, तुझ्या ताटात माती पडो!" एकेक शिवी, एकेक फेरा. हात थांबेना, म्हणून गुठळी होईना. चीज छान वितळलं. मग शिळा पाव काट्याला टोचून त्यात बुडवला, तर तोही मऊ. बोळक्या आजोबांनीसुद्धा पोटभर खाल्लं. तिकडे वितळलेल्याला फोंद्यू म्हणतात, तेच नाव पडलं.

वास गेला राजाकडे. शिपायांनी सोन्याच्या वाटीतून नेलं, वाटेत थिजून दगड झाला. मग लोकरीत गुंडाळून नेलं, तरी दगडच. मग राजा स्वतःच आला, बरं का.

"माझं ताट वाढा!"

"ताटात थिजतं," ओदिल म्हणाली. "खायचं तर बसा इथं, सगळ्यांत. आणि ज्याचा पाव भांड्यात पडेल, त्यानं चुलीवालीचं ऐकायचं."

बसला बापडा. पण खादाड ना! तिसऱ्या घासाला पाव पडला की भांड्यात!

"आमचं चीज, आमचे पाव आमच्याकडेच राहतील," ओदिल गरजली, "आणि भांडी आजच्या आज परत!"

राजाला दया आली असेल म्हणता? कसली दया! भूक होती मेल्याला, आणि डाव ओदिलच्या हातात होता. मुकाट्यानं "बरं" म्हणाला.

मग गाव पोटभर जेवू लागलं, सुखानं राहू लागलं. राजाही यायचा, सगळ्यांत मांडी घालून बसायचा.

ओदिलचा राग गेला का? मुळीच नाही! राग गेला असता तर ढवळलं कोणी असतं? पोट भरलंय ना तुमचं? मग मिटा डोळे.