बांधाशी थांबणारे बैल

जनावरं आपली शेती आपणच कसत, तेव्हाची ही गोष्ट. माळावरच्या एका शेतात देखरेखीला कोंबडा होता. तो जुवावर बसून हुकूम सोडी आणि हरण्या व मोऱ्या हे दोन बैल नांगर ओढत. या बांधापासून त्या बांधापर्यंत नांगराचा एक तास, म्हणजे एक सरळ चर, मारून झाला की दोघं क्षणभर थांबत, मग वळत.

"हे थांबणं आजपासून बंद!" एक दिवस कोंबडा म्हणाला. "त्यात वेळ फुकट जातो."

बैल न थांबता वळू लागले. दुपारपर्यंत मोऱ्याला धाप लागली, नांगर मातीतून वर येऊ लागला आणि तास वाकडेतिकडे झाले. अर्धं शेत पुन्हा नांगरणं आलं.

"आळशी कुठले!" कोंबडा ओरडला.

हरण्याने मान ताठ केली. "हा माळ आमच्या खांद्यांवर शेत झालाय. वेळ कुठं जातो, ते आम्हाला विचारलंस कधी? खाली उतर आणि एक दिवस आमच्या मागं चाल."

कोंबडा चालला. वैरण ओढ्यापलीकडे, पाणी टेकडीखाली. निम्मी सकाळ त्या पायपिटीतच गेली आणि कोंबड्याचे पाय भरून आले. संध्याकाळी त्याने गाढवाकडून वैरण आणि पाण्याची डोणी बांधावर आणवली. बांधाशी थांबणंही पुन्हा सुरू झालं.

पेरणीच्या आधी सगळं शेत सरळ तासांनी भरलं. शेजारचा रेडा बघतच राहिला. "कुणाचं रे हे काम?"

कोंबड्याने सवयीने छाती फुगवली, आरवायला चोच उघडली आणि मिटली.

"हरण्या-मोऱ्याचं," तो म्हणाला. "मी नुसता मागं चाललो."