रस्त्यावर बसवलेला ठिपका

एकदा एक वृद्ध पशुवैद्य आणि त्यांची तरुण शिष्या जीपमधून पठारावरच्या धनगरवाड्याकडे निघाले होते. वाड्यावरच्या ठकूबाईंची म्हैस विताना पहाटेपासून अडली होती, आणि ठकूबाईंचं घर त्या एका म्हशीवर चालत होतं. पठारावर फोनला रेंज नाही. त्यात त्या दिवशी धुकं असं दाट, की काचेपलीकडचं काही दिसेना.

शिष्या मात्र निर्धास्त होती. ऋजुता तिचं नाव. सारं गाव वैद्यांना ‘डॉक्टर’ म्हणे, ही एकटी ‘गुरुजी’ म्हणायची, आणि म्हाताऱ्याला ते मनातून फार आवडायचं. तिने हौसेने लॅपटॉपमध्ये सगळ्या तालुक्याचा नकाशा आधीच भरून ठेवला होता, म्हणजे इंटरनेटची गरजच नको. काडेपेटीएवढं जीपीएसचं यंत्र तिने वायरीने त्याला जोडलं होतं. गाडी कुठे आहे ते यंत्र क्षणोक्षणी नकाशाला कळवी, आणि नकाशावरचा निळा ठिपका जीपबरोबर पुढे सरके.

एकच गोष्ट तिला खुपायची. ठिपका रस्त्यावर नेमका बसायचा नाही. कधी शेजारच्या शेतात, कधी ओढ्यात. गुरुजी काय म्हणतील, या धास्तीने तिने प्रोग्राममधली एक सोय शोधून चालू केली. आता ठिपका कुठेही असो, प्रोग्राम त्याला ओढून जवळच्या रस्त्यावर आणून बसवी. त्यामुळे ठिपका आज गुणी बाळासारखा चालत होता.

बऱ्याच वेळाने गुरुजींनी विचारलं, “पोरी, चाकांखाली नुसतं गवत लागतंय. आपण रस्त्यावर आहोत ना?”

“अगदी रस्त्यावर, गुरुजी! हे बघा.”

गुरुजींनी बघितलं आणि जीप थांबवून इंजिनच बंद केलं. तिकडे म्हैस तळमळतेय आणि हे गाडी बंद करून बसले! ऋजुता चुळबुळ करू लागली. गुरुजींनी लॅपटॉप शांतपणे मांडीवर घेतला, “चाकं गवतात, मग ठिपका रस्त्यावर कसा?” असं पुटपुटत शोधून शोधून तिची ती सोय बंद केली. ठिपक्याने टुणकन उडी मारली आणि तो दूर, नकाशावरच्या कोऱ्या माळावर जाऊन बसला.

“अहो, आता तर आपण कुठेच नाही!” ती रडवेली झाली.

“आता कुठे आपण सापडलो,” गुरुजी हसले. “अगं, हे बिचारं यंत्र मघापासून खरंच सांगत होतं. त्यात थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच. पण ते सांगणं आपल्याला शोभेना, म्हणून आपण त्याला रस्त्यावर बसवलं. नकाशा म्हणजे आपण कुठे असायला हवं ते. ठिपका म्हणजे आपण कुठे आहोत ते. दोन्हींत अंतर पडलं तर लाज कसली? ते अंतर दिसलं, तरच गाडी वळवता येते.”

मग त्या खऱ्या ठिपक्यावरून त्यांनी दिशा धरली आणि गवत तुडवत ते वाड्यावर पोचले.

“आलासा व्हय डाक्टर! जीव टांगणीला लागला हुता,” म्हणत ठकूबाई पुढे धावल्या. म्हैस आडवी पडून कण्हत होती. गुरुजींचे हात अलीकडे थरथरत. त्यांनी ऋजुताला पुढे केलं. तिने हात धुतले आणि एक हात कोपरापर्यंत आत घातला.

“रेडकाचा पुढचा पाय मागे दुमडलेला असणार. लागतोय हाताला?” गुरुजींनी विचारलं.

ठकूबाई टक लावून बघत होत्या. ‘हो, लागतोय’ हे शब्द ऋजुताच्या अगदी ओठांवर आले. तिने ते गिळले.

“नाही, गुरुजी. हाताला काहीतरी लागतंय, पण ते काय आहे ते मला कळत नाहीये.”

म्हातारा तिच्याशेजारी शेणात गुडघे टेकून बसला. त्याच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की तिचे डोळे भरून आले.

“उत्तम. आता घाई करू नकोस. लागतंय ते मऊ आहे की टणक, एवढंच सांग.”

“टणक. आणि गोल.”

“तो गुडघा. आता रेडकाला हळूच मागे लोट, आणि आत इजा होऊ नये म्हणून खूर मुठीत झाकून पाय पुढे आण.”

थोड्या वेळाने ओलंचिंब रेडकू गवतावर पडलं, शिंकलं, आणि म्हैस मान वळवून त्याला चाटू लागली.